पार्श्वभूमी : बेळगावचा बांगडा आणि तीन राज्यांचे कायदे

जून लागला की बेळगावात मासळीचे दर चढतात आणि घासाघीस करणाऱ्याला एकच उत्तर मिळतं, ‘बंदी हाय की वो!’ पावसाळ्यातली ही मासेमारीबंदी कुणाची, कशासाठी आणि कधीपासूनची, हे सहसा कुणी विचारत नाही. घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर समुद्र आहे आणि तिथून आपल्याकडे येणारी मासळी तीन सरकारांच्या हद्दीतली असते. चोर्ल्यातून गोव्याची, आंबोलीतून वेंगुर्ला-मालवणची आणि रामनगर-खानापूर बाजूने कारवारची. ‘बेळगाव, कारवार, निपाणी’ ही घोषणा पाठ असलेल्या सीमाभागाला समुद्र परका नाही, पण त्या समुद्रात काय घडलं याची चर्चा इथे कमीच होते.

रस्ते पक्के होण्याआधी घाटावर येणारी मासळी बहुतेक सुकी असे. इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला हे बेळगावच्या छावणीला जवळचं बंदर होतं. त्या वाटेने मीठ, नारळ, सुकं बांगडं, सुकट, जवळा वर चढे. पावसाळ्याची बेगमी त्यावरच व्हायची. बांगडा, मोरी, सुरमई ताजी मिळणं ही पुढे बर्फाचे कारखाने आणि ट्रक यांनी केलेली किमया. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, वेंगुर्ला-मालवण मुंबई राज्यात राहिलं, गोवा तर १९६१पर्यंत पोर्तुगिजांकडेच होता. ताटात मासे पूर्वीच्याच किनाऱ्यावरून येत राहिले, पण त्या किनाऱ्याचे निर्णय तीन ठिकाणी होऊ लागले.

समुद्राला पावसाळ्याची सुट्टी मुळात कायद्याने मिळालेली नव्हती. मृगाच्या आधी होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायच्या, हा गाबीत-खारवी समाजांचा जुना रिवाज. त्यामागे मासळीची दया होती असं समजायचं कारण नाही. शिडाची होडी त्या दर्यात टिकत नसे, एवढंच. पण बांगडा, तारली यांच्यासारख्या अनेक जातींच्या विणीचा काळ नेमका तोच असल्याने फायदा आपोआप व्हायचा.

ही सुट्टी मोडली इंजिनाने. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात नीण्डकरा इथे यांत्रिक नौकांचा प्रकल्प उभा राहिला. साठच्या दशकात तो कारवारपर्यंतही आला. हेतू गरीब मच्छीमाराला हात देण्याचा होता. पण कोळंबीला परदेशात भाव मिळू लागला आणि समुद्राचा तळ खरवडत जाणारी ट्रॉलची जाळी सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कर्नाटकात पर्ससीन आलं. हे जाळं माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून दोरी ओढून बटव्यासारखं आवळतात. अख्खा थवा एका फेऱ्यात आत.

याचा पहिला फटका रापणीला बसला. मालवणात रापण, गोव्यात रांपण, कारवारात रंपणी. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढत आणायची. ओढायला पंचवीस-पन्नास माणसं सहज लागायची आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळायचा. रापण थव्याच्या मागे जात नाही. बांगडा काठाशी येईल तेव्हाच तिला मिळतो. पर्ससीन त्याला खोल पाण्यातच गाठू लागल्यावर काठावर यायला उरलं काय?

गोव्यात रांपणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेलं ते आंदोलन पुढे देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेपर्यंत गेलं. आजचे सागरी मासेमारीचे कायदे हे मुख्यतः त्या भांडणातून निघालेले आहेत : गोव्याचा १९८०चा, महाराष्ट्राचा १९८१चा, कर्नाटकाचा १९८६चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार, पुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. पावसाळी बंदीच्या तारखा मात्र राज्याराज्यांत कितीतरी वर्षं जुळत नव्हत्या. अखेर २०१५पासून सगळ्या पश्चिम किनाऱ्याला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरली.

बंदीतही बाजार ओस पडत नाही. पूर्व किनाऱ्याची बंदी १४ जूनला संपते, मग तिकडची मासळी बर्फात घालून इकडे येते. जुलै २०१८मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा, म्हणजे मासळी टिकवायला वापरल्या जाणाऱ्या घातक रसायनाचा, गदारोळ उठला तो याच दिवसांत, परराज्यातून आलेल्या मासळीवरून. समुद्राला विश्रांती दिली तरी खाणाऱ्याच्या जिभेला ती देता आलेली नाही. जूनमध्ये हिडकलच्या जलाशयातला मासा खाऊन राहणारे निराळे, पण ‘गोड्या पाण्यातला नको’ म्हणून नाक मुरडणारेच आपल्याकडे जास्त.

माझ्या मते खरी अडचण या दोन महिन्यांत नाही, उरलेल्या दहांत आहे. प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करण्यावर आणि दोन नौकांनी मिळून ट्रॉल ओढण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली, तरी मालवणच्या दर्यात दिवे दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. कर्नाटकातल्या मलपीहून येणाऱ्या वेगवान ट्रॉलरना तिथे ‘परप्रांतीय’ म्हणतात. आपण बेळगावकर ती बातमी मालवणकरांच्या बाजूने वाचतो आणि ट्रॉलरची मासळीही खातो!

गरिबाच्या ताटातली तारली, मालवणीतले पेडवे, हे सगळ्यात बोलकं उदाहरण. केरळात २०१२मध्ये तारलीची आवक जवळपास ४ लाख टन होती. २०२१मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. समुद्राच्या तापमानातले चढउतार हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं, आणि जोडीला पिल्लांची मासेमारी. बोटभर तारली माणसाच्या पोटातही जात नाही. ती कोंबडी-कोळंबीच्या खाद्यासाठी फिशमिलच्या, म्हणजे माशांची भुकटी करणाऱ्या, कारखान्यात दळली जाते.

म्हणून आता नियम आकारावर आले आहेत. महाराष्ट्राने २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली. पापलेटला ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढी. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. पण मालवणहून निघालेला टेम्पो आंबोली चढून, चंदगड मागे टाकून शिनोळीची हद्द ओलांडतो तेव्हा महाराष्ट्राचा हा नियम तिथेच थांबतो. पुढे बेळगावात लांबी बघायची तर ती गिऱ्हाइकानेच, आणि वाट्यावर घेतलेल्या पापलेटांत ती बघता येत नाही. एकेक उचलून निवडावं लागतं.