स्वागत समारंभात भाषणं कधी ठेवावी?
(आमच्या मंडप व साउंड सर्व्हिसच्या ग्राहकांसाठी)

भाषणं जेवणाआधी घ्या आणि सगळी मिळून १५ मिनिटांत आटोपा. बफेची झाकणं उघडली की माणसं ताट घेऊन पाठमोरी होतात. मग मामा असोत की गुरुजी, बोलणाऱ्याचा मान राहत नाही.

पत्रिकेत ७ ची वेळ असली तरी वावरातून येऊन, दूध काढून गावची मंडळी पावणेआठपर्यंत जमते. तेव्हा नवरदेव-नवरी पावणेआठला स्टेजवर, ८ ला माइक, सव्वाआठला जेवण. याहून उशीर झाला तर आहेर-भेटी अडतात. ५०० पाहुणे पाच-पाचच्या गटानं आले तर १०० गट. फोटोसकट अर्धा मिनिट धरलं तरी ५० मिनिटं गेली. लहान लेकरं, म्हातारी माणसं असली की सव्वा तास धरा. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर कायद्यानं बंद, त्यामुळे मागे सरकायला जागाच नाही.

वक्ते चारच: वराकडचे, वधूकडचे, प्रमुख पाहुणे आणि आभार. प्रत्येकी ३ मिनिटं. खरा वेळ जातो तो मान्यवरांची नावं घेण्यात आणि शाल-श्रीफळात. नावं सूत्रसंचालकानं एकदाच घ्यावी, पुढच्यांनी ‘सर्व मान्यवर’ म्हणावं. सत्कार वीस असतील तर १५ मिनिटं तिथंच संपतात. ते साडेसातला, खुर्चीवर जाऊन उरकून घ्या. कोणाचं नाव राहिलं तर सोयऱ्यांत वर्षभर बोल लागतो, म्हणून यादी दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

पुढारी उशिरा आले तर भेटीची रांग २ मिनिटं थांबवून त्यांच्या शुभेच्छा घ्या. जेवण मात्र थांबवू नका.

आभाराला माणूस उठला की आचाऱ्याला खूण करा, पुऱ्या तेव्हाच कढईत सोडायच्या. आधी तळल्या तर वातड होतात. पंगत असेल तर पहिली पंगत भाषणांनंतरच बसवा.

माइक तोंडापासून चार बोटं दूर धरावा. तो घेऊन बॉक्ससमोर गेलं की शिटी वाजते, म्हणून वक्त्याची जागा आम्ही बॉक्सच्या मागे ठेवतो. लाइन गेली तर जनरेटर सुरू होईस्तोवर थांबावं लागू नये यासाठी साउंड बॅटरीवर जोडतो.

वक्त्यांची यादी दोन दिवस आधी द्या.