सीएमएल : गोळी थांबवण्यामागचा इतिहास

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाची गोळी जन्मभर घ्यायची असते, असे कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज भागातील रुग्णांनाही सुरुवातीलाच सांगितले जात असे, आणि त्या काळच्या माहितीनुसार ते योग्यच होते. हे मत कसे बदलले, ते नीट समजून घ्यायला हवे, कारण अर्धवट ऐकून स्वतःच्या मनाने गोळी सोडणे जिवावर बेतू शकते.

या आजाराची खूण १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका आखूड गुणसूत्राच्या रूपाने सापडली. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते आखूड होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवले. या अदलाबदलीतून तयार होणारे बीसीआर-एबीएल जनुक पांढऱ्या पेशी बेसुमार वाढवते. त्यापासून बनणारे प्रथिन रोखणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. भारतात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि कितीतरी पट स्वस्त जेनेरिक गोळीची वाट मोकळी राहिली. इचलकरंजीच्या यंत्रमागावर राबणाऱ्या माणसाला हे उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवणे शक्य झाले, त्यात या निकालाचा वाटा फार मोठा आहे.

गोळी थांबवून पाहण्याचे धाडस प्रथम फ्रान्समध्ये पद्धतशीरपणे झाले. फ्रांस्वा-झाविये माओं यांच्या ‘स्टिम’ अभ्यासात, किमान दोन वर्षे रक्तात बीसीआर-एबीएल अजिबात न सापडलेल्या १०० रुग्णांची इमॅटिनिब बंद करण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभर पाठपुरावा झालेल्यांपैकी ४१ टक्के रुग्णांमध्ये आजार परतला नव्हता. ज्यांच्यात परतला, त्यांच्यापैकी बहुतेकांमध्ये तो पहिल्या सहा महिन्यांतच दिसला आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. पुढे युरोपातील ७५८ रुग्णांच्या अभ्यासात, २०१८ च्या अहवालानुसार, दोन वर्षांनंतरही सुमारे निम्मे रुग्ण गोळीविना स्थिर होते. काहींना गोळी सोडल्यावर सांधे आणि स्नायू दुखण्याचा त्रास होतो. तो आजार उलटल्याचे लक्षण नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

या साऱ्या अभ्यासांचा आधार एकच आहे, आणि तो म्हणजे तपासणी. रक्तपेशी मोजणाऱ्या नेहमीच्या सीबीसी तपासणीमध्ये परतणारा आजार लवकर दिसत नाही. त्यासाठी पीसीआर या जनुकीय तपासणीने बीसीआर-एबीएलचे प्रमाण मोजावे लागते. सुरुवातीचे सहा महिने ही तपासणी दरमहा हवी, आणि प्रमाण ०.१ टक्क्याच्या वर गेले की गोळी पुन्हा सुरू करायची असते. जांभळ्या टोपणाच्या नळीतले हे रक्त फार काळ ठेवता येत नाही, कारण ज्यावर ही तपासणी होते, तो पेशींतला आरएनए हा जनुकीय रेणू लवकर खराब होतो. नमुना पुण्या-मुंबईला पाठवायचा असेल, तर प्रवासातला प्रत्येक तास मोजावा लागतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता. म्हणून, डॉक्टरांच्या मते रुग्ण सर्व निकषांत बसत असला, तरी आमच्या भागात गोळी थांबवायची ती दिवाळीनंतर, असे मला वाटते : जोखमीचे पहिले सहा महिने मग पावसाळ्यापूर्वीच संपतात आणि रक्ताची नळी रस्त्यात अडकण्याची भीती उरत नाही.