मेल एक, घंट्या चार
फोन, कॉम्प्युटर आणि घड्याळावरची ईमेल नोटिफिकेशन्स आवरण्यासाठी आमच्या ग्राहकांना माहितीपत्रक

गेल्या द्राक्ष हंगामात आमचा माणूस पिंपळगावच्या एका निर्यातदारांकडे प्रिंटर बघायला गेला होता. शेठ कंटेनरची पॅकिंग लिस्ट तपासत बसले होते. मध्येच टेबलावरचा फोन टिंग वाजला, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला, मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि पाठोपाठ तोच फोन वेगळ्या आवाजात पुन्हा वाजला. चारही वेळा मेल एकच होता: सोफासेटवर सवलत. पॅकिंग लिस्टची कुठली ओळ चालू होती ते काही सापडेना, म्हणून शेठनी पुन्हा पहिल्या पेटीपासून सुरुवात केली. "बंद करून टाका हे सगळं," ते म्हणाले.

आम्ही सगळं बंद केलं नाही. त्याच दिवशी त्यांचा रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षांवरच्या औषधांच्या अंशांची तपासणी) लॅबकडून मेलवर यायचा होता, आणि तो आल्याशिवाय माल पुढे सरकत नव्हता.

बहुतेकांची अडचण हीच असते. घंटी चालू ठेवली तर दिवसभर फुकटची कटकट, बंद केली तर नेमका कामाचा मेल संध्याकाळी सापडणार. यावर आमचं उत्तर सोपं आहे. घंटी वाजवायचा हक्क मोजक्या लोकांना द्यायचा, आणि तीही एकाच यंत्रावर.

आधी कागद-पेन घ्या

कुठलंही सेटिंग उघडण्याआधी एक यादी करा. कोणाचा मेल आला तर तुम्ही हातातलं काम सोडून तो उघडाल? द्राक्षवाल्यांच्या यादीत साधारण परदेशातला खरेदीदार, सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट), लॅब आणि बँकेचा एक्स्पोर्ट विभाग असतो. अंबड-सातपूरच्या कारखानदाराकडे मोठ्या कंपनीचा परचेस आणि क्वालिटी विभाग. सीए मंडळींकडे जीएसटी आणि आयकर पोर्टलवरून येणारे मेल, आणि जीएसटी रिटर्नची 11 किंवा 20 तारीख जवळ आली की काही ठरावीक पक्षकार. पाच-सहा नावांच्या पुढे यादी जायला लागली की पेन खाली ठेवा. "तसं बघितलं तर सगळेच महत्त्वाचे आहेत" असं म्हणणारे ग्राहक आम्हाला दर महिन्याला भेटतात. त्यांच्या इनबॉक्समध्ये न वाचलेले काही हजार मेल असतात.

चार घंट्या येतात कुठून

शेठच्या फोनवर जीमेलचं ॲप होतंच. शिवाय फोनसोबत आलेल्या कंपनीच्या ईमेल ॲपमध्येही तोच पत्ता जोडलेला होता. म्हणून फोन दोनदा वाजला. त्यातलं एक ॲप काढलं की निम्मा गोंगाट तिथेच संपतो. लॅपटॉपवर क्रोममध्ये जीमेल उघडं होतं, तो चौकोन तिकडचा. घड्याळ स्वतःहून काही करत नाही, फोनवर जे उमटतं ते मनगटावर पाठवतं.

चौथं कारण जरा खोलातलं आहे, आणि ज्यांचा मेल स्वतःच्या डोमेनवर (म्हणजे कंपनीच्या वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावर) आहे त्यांनी ते वाचाच. वेबसाइट बनवताना सोबत मिळालेला मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये पूर्वी बऱ्याचदा पॉप पद्धतीने जोडून दिला जायचा. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून त्या कॉम्प्युटरवर उतरतो, पण तुम्ही तो वाचलात ही खबर सर्व्हरला परत जात नाही. त्यामुळे ऑफिसात सकाळी वाचलेला मेल फोनवर दुपारपर्यंत "नवा" म्हणूनच बसतो, आणि फोन त्याची आठवण करून देत राहतो. आयमॅप पद्धतीत वाचल्याची खूण सर्व्हरवर राहते, म्हणून एका ठिकाणी वाचलेला मेल सगळीकडे वाचलेला दिसतो.

तुमची पद्धत कुठली हे बघायला आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज उघडा. पत्त्यासमोरच्या "टाइप" रकान्यात पॉप किंवा आयमॅप लिहिलेलं असतं. पॉप दिसलं तर हे पान वाचून लगेच जुनं खातं काढून टाकू नका. तुमचे कित्येक वर्षांचे मेल त्या कॉम्प्युटरवरच्या एका फाइलमध्ये असतात, सर्व्हरवर कदाचित नसतातही. तो बदल करताना आम्ही आधी त्या फाइलचा बॅकअप घेतो, आणि सर्व्हरवर जागा किती घेतली आहे तेही बघतो. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच साठतात. स्वस्तातल्या प्लॅनची जागा भरली की तुम्हाला आलेले मेल परत जायला लागतात, आणि हे तुम्हाला पाठवणाऱ्याकडूनच कळतं.

नियम मेलबॉक्समध्येच बसवा

फोनवर एक सेटिंग, लॅपटॉपवर दुसरं, मुलाने टॅबवर तिसरं, असं करत बसलं तर फोन बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पहिला नियम मेलबॉक्समध्ये बसवायचा. तो सगळ्या यंत्रांना लागू होतो.

जीमेलमध्ये याला फिल्टर म्हणतात, आणि तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच बनवता येतो, ॲपमधून नाही. वरच्या शोधाच्या पट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं एक चिन्ह आहे. त्यावर क्लिक केलं की छोटा फॉर्म उघडतो. त्यात "फ्रॉम"समोर यादीतला पत्ता टाका. एकाच कंपनीतून वेगवेगळी माणसं मेल करत असतील तर पूर्ण पत्त्याऐवजी फक्त ॲटच्या चिन्हापुढचा भाग टाकला तरी चालतो. अनेक पत्ते टाकायचे तर दोन पत्त्यांच्या मध्ये ओआर हा इंग्रजी शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. मग "क्रिएट फिल्टर" दाबून दोन खुणा करा: "नेव्हर सेंड इट टू स्पॅम" आणि "ऑलवेज मार्क इट ॲज इम्पॉर्टंट". पहिली खूण बरेच जण विसरतात. परदेशातल्या नव्या खरेदीदाराचा पहिला मेल स्पॅममध्ये पडून राहिल्याचं आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

आता फोन घ्या. जीमेल ॲपमध्ये तीन आडव्या रेघा, सेटिंग्ज, तुमचा पत्ता, नोटिफिकेशन्स. तिथे "हाय प्रायॉरिटी ओन्ली" निवडा. हा पर्याय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे. यापुढे ज्या मेलवर महत्त्वाची खूण आहे तेवढेच वाजतील. महत्त्वाचं काय याचा अंदाज जीमेल स्वतःही बांधतं आणि सुरुवातीला थोडं चुकतं. एखादा भलताच मेल वाजला तर त्याच्या नावाजवळचा पिवळा बाण कॉम्प्युटरवर एकदा दाबून खूण काढून टाका. आठवडा-दोन आठवडे असं केलं की ते शिकतं.

आयफोनवर जीमेलऐवजी ॲपलचं मेल ॲप वापरत असाल तर तिथे व्हीआयपीची सोय आहे. मेलबॉक्सच्या यादीत व्हीआयपीमध्ये माणसं घाला, आणि नोटिफिकेशनच्या सेटिंग्जमध्ये बाकी खात्यांची घंटी बंद करून व्हीआयपीची ठेवा. सोय छान आहे, पण जीमेलचे मेल या ॲपमध्ये आल्या क्षणी पोहोचत नाहीत, ते ठरावीक वेळाने आणले जातात. घाईच्या मेलसाठी म्हणून आम्ही आयफोनवाल्यांनाही जीमेलचंच ॲप सुचवतो.

आउटलुकच्या जुन्या रूपात फाइल, ऑप्शन्स, मेल असं गेलात की "मेसेज अरायव्हल" नावाचा भाग दिसेल. आवाज, माउसच्या बाणाचं रूप बदलणं, खालच्या पट्टीत पाकीट, आणि कोपऱ्यातला चौकोन, अशा चार खुणा तिथे आहेत. चारही काढा. घंटी कॉम्प्युटरवरच हवी असेल तर मग रूल्समध्ये यादीतल्या माणसांपुरता "डिस्प्ले अ डेस्कटॉप अलर्ट" हा नियम लावा. हा नियम त्या कॉम्प्युटरवर आउटलुक चालू असेपर्यंतच काम करतो, फोनला त्याचा पत्ता नसतो. नव्या आउटलुकमध्ये हेच वर उजवीकडच्या दातेरी चाकातून जनरल, नोटिफिकेशन्समध्ये सापडेल. आउटलुकच्या मोबाइल ॲपमध्ये "फेव्हरिट पीपल" हा पर्याय निवडला की आवडत्या यादीत घातलेलेच लोक वाजतात.

कॉम्प्युटर गप्प राहू दे

आमचं मत विचाराल तर घंटी फोनवर ठेवा आणि कॉम्प्युटर पूर्ण गप्प करा. खरं काम कॉम्प्युटरवर होतं, म्हणून मोडतंही तिथेच.

ब्राउझरमधल्या जीमेलसाठी दातेरी चाक, "सी ऑल सेटिंग्ज", जनरल, आणि डेस्कटॉप नोटिफिकेशन्सपुढे "मेल नोटिफिकेशन्स ऑफ". मग पानाच्या अगदी तळाशी जाऊन "सेव्ह चेंजेस" दाबा. हे बटण न दाबता बाहेर पडलेले ग्राहक "तुम्ही सांगितलेलं चालत नाही" म्हणून फोन करतात. चूक त्यांची नाही, बटण खरोखरच फार खाली आहे.

विंडोज 11 मध्ये विंडोजची कळ आणि एन एकत्र दाबलं की उजवीकडे नोटिफिकेशनची पट्टी उघडते. तिथल्या घंटेच्या चिन्हावर क्लिक केलं की डू नॉट डिस्टर्ब चालू. विंडोज 10 मध्ये यालाच फोकस असिस्ट म्हणतात. (विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्याबद्दल आमच्याशी वेगळं बोला.) मॅक आणि आयफोन दोन्ही असतील तर फोकस मोडमध्ये "शेअर अक्रॉस डिव्हायसेस" चालू ठेवा, म्हणजे एक गप्प केलं की दुसरंही गप्प होतं.

जाता जाता एक. कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" असे चौकोन येत असतील तर तो मेलही नाही आणि बहुतेक वेळा व्हायरसही नाही. कुठल्या तरी साइटने "अलाऊ" विचारलं आणि कोणीतरी ते दाबलं. त्या चौकोनावर क्लिक करू नका. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट काढून टाका. यासाठी आम्ही पैसे घेत नाही, फोनवरच सांगतो.

रात्रीचा प्रश्न

नेदरलँड्सचं रॉटरडॅम बंदर हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. तिकडचा माणूस पाचला ऑफिस बंद करताना शेवटचे मेल धाडतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. एखादा उशिरापर्यंत बसला तर अकरा. हे मेल महत्त्वाचे असतात, पण रात्री अकराला त्यांचं करणार काय?

फोनवर रात्री साडेदहा ते सकाळी सहा डू नॉट डिस्टर्बची वेळ लावून टाका, आणि घरच्यांचे व सीएचएचे कॉल अपवादात घाला. कोणी लागोपाठ दोनदा फोन केला तर दुसरा कॉल वाजू द्यायची सोय दोन्हीकडे आहे. अँड्रॉइडवर 15 मिनिटांच्या आत आलेला दुसरा कॉल वाजतो, आयफोनवर 3 मिनिटांच्या आत आलेला. आणि मुख्य म्हणजे सीएचएला सांगून ठेवा: रात्री दहानंतर काही अडलं तर मेल करू नका, फोन करा. ही ओळ कुठल्याच सेटिंगमध्ये नाही, पण सगळ्यांत जास्त उपयोग हिचाच होतो.

बाकीचे मेल बघायचे कधी? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये 124 जणांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायचे, दुसरा आठवडा हवे तितक्यांदा. तीनदावाल्या आठवड्यात लोकांना ताण कमी जाणवला. आपल्याकडे हंगामात तीनदा जमेल असं आम्हाला वाटत नाही. सकाळी साडेदहा, जेवणानंतर, चार वाजता आणि घरी निघण्यापूर्वी, एवढं जमलं तरी पुष्कळ.

सोफासेटवाल्यांचं काय करायचं

जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून दिवसाला 5000 हून जास्त मेल धाडणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर "अनसबस्क्राइब" देणं आणि ते दोन दिवसांत अमलात आणणं बंधनकारक केलं आहे. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी तो शब्द दिसतो, तोच दाबा. हे ज्यांच्याकडून कधीतरी काही घेतलं आहे अशा ओळखीच्या दुकानांसाठी. पाठवणारा कोण हेच माहीत नसेल तर त्याच्या कुठल्याच लिंकला हात न लावता मेल स्पॅममध्ये टाका.

कधी उलटी तक्रारही येते: हवे ते मेलही वाजत नाहीत. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बॅटरी वाचवायच्या नावाखाली ॲप झोपवलं जातं. सेटिंग्ज, ॲप्स, जीमेल, बॅटरी इथे जाऊन "अनरिस्ट्रिक्टेड" करा.

आमचा माणूस येण्याआधी

वार्षिक देखभालीचा करार असेल तर हे काम त्यातच धरलेलं आहे. यादीचा कागद तयार ठेवा. पासवर्ड फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर आम्हाला सांगू नका, आमच्या माणसालाही नाही. तो समोर असताना तुम्ही स्वतः टाइप करा. काम झाल्यावर तो दोन मेल पाठवायला लावेल, एक यादीतल्या माणसाकडून आणि एक यादीबाहेरच्या. पहिला वाजला आणि दुसरा वाजला नाही, हे तुम्ही ऐकल्यावरच सही करा. आणि त्या दिवशी घड्याळ आठवणीने घालून या. ते घरी चार्जिंगला राहिलं की आम्हाला पिंपळगावची दुसरी फेरी पडते.