समाजमाध्यमांचा शैक्षणिक वापर (मराठवाडा)

व्हॉट्सॲप, यूट्यूब, टेलिग्राम यांवरून धडे, गृहपाठ आणि शंका-उत्तरांची देवाणघेवाण करत शिकण्या-शिकवण्याची पद्धत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत ती मुख्यतः मोबाइलवर चालते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तिचे ओळखीचे रूप म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने शाळा बंद झाल्या, तेव्हा या पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या राज्याच्या उपक्रमातून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील अभ्यासाच्या लिंक अशा ग्रुपांवर पोहोचू लागल्या. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडही दीक्षाकडेच नेतात.

लहान वर्गांसाठी सर्वांत उपयोगी ठरते ते ध्वनिमुद्रण. मूल कविता वाचून पाठवते, गुरुजी किंवा बाई ऐकतात आणि कुठे अडखळले ते सांगतात. वर्गात तोंड न उघडणारे लेकरू घरी आजीजवळ बसून मोकळे वाचते. पालकांना लिहिता-वाचता येत नसले तरी यात अडत नाही. मोठा व्हिडिओ मात्र रेंज आणि डेटा दोन्ही खातो.

खरी अडचण फोन कोणाचा, ही आहे. घरात एकच फोन असेल तर तो दिवसभर बापासोबत शेतात असतो. अभ्यास दिवेलागणीनंतरच उघडतो. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, तेव्हा फोनही जातो. मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिले, तर त्याच्या गृहपाठाचा मेसेज वाजतो दूर उसाच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर. ग्रुपवर नाव आहे म्हणून मूल शिकते आहे, असे धरता येत नाही.

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथील अभ्यासिकांत ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा), पोलीस भरती, एमपीएससीची तयारी करणारी मुले टेलिग्राम चॅनेलवरून नोट्स आणि सराव प्रश्न घेतात. चॅनेल बहुधा एकतर्फी असल्याने चुकीची उत्तरतालिकाही तशीच फिरत राहते.

व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ असल्याने प्राथमिक वर्गांचे ग्रुप पालकांच्याच क्रमांकांवर असायला हवेत. क्रमांक सर्वांना दिसतात, ही आयांना आणि मुलींना नकोशी गोष्ट. शुभेच्छा आणि फॉरवर्ड टाळण्यासाठी ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे ठेवले, तर शंका विचारायची जागाच उरत नाही. त्यापेक्षा संध्याकाळी तासभर तो खुला ठेवणे बरे.