जाळ्याचा आस आणि पट्टीएवढा बांगडा

गेल्या आठवड्यात बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारातून किलोभर बांगडे आणले. धुताना काहीतरी खटकलं, म्हणून मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी काढली. पट्टी 15 सेंटिमीटरची. सत्तावीस बांगड्यांपैकी एकही तिच्यापुढे गेला नाही. बांगडा साधारण 18 ते 20 सेंटिमीटरचा झाला की पहिल्यांदा अंडी घालतो. म्हणजे हे सगळे एकदाही अंडी न घालता माझ्या परातीत आले होते. मासळीवाल्या मावशींना मोठे मागितले होते, तर म्हणाल्या, "मोठं कुठलं येतंय ताई आता? हेच घ्या की."

बेळगावपासून समुद्र शंभरावर किलोमीटर. आपली मासळी चोर्ल्याच्या नाहीतर आंबोलीच्या घाटाने येते, आणि बारीक मासा दिसला की आपण सरसकट म्हणतो, मच्छीमार हावरे झाले, कायदा पाळत नाहीत. हे चूक आहे. किनाऱ्यावर कायदे आहेत आणि कायद्याआधीपासून गावाचे नियमही आहेत.

मालवण-वेंगुर्ल्याची रापण घ्या. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसांनी ओढायचे. वाटे ठरलेले, दोराला हात लावणाऱ्यालाही मासळी. कुणी किती काढलं हे अख्खं गाव वाळूवर उभं राहून बघतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. सामाईक साधन लोक स्वतः नीट सांभाळू शकतात हे त्यांनी दाखवलं. पण त्यासाठी हद्द स्पष्ट हवी, नियम वापरणाऱ्यांनी ठरवलेले हवेत आणि एकमेकांवर नजर ठेवता यायला हवी. गावच्या तळ्याचं पाणी पाळीने घेतात तसंच हे. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटक किनाऱ्यावर पर्ससीन जाळी, म्हणजे बोटीतून अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून आवळायची जाळी, आली आणि तिथली रापण बघता बघता मोडली. मासेमारी वाळूवरून खोल पाण्यात गेली, आणि गावाची नजर तिथवर पोचेना.

ही नजर का चुकते ते जाळ्याच्या आसात दिसतं. आस म्हणजे जाळ्याचं एक भोक. ते मोजताना समोरासमोरच्या दोन गाठी ताणून अंतर घेतात. आस 40 मिलिमीटरचा असेल तर त्याची प्रत्येक बाजू 20 मिलिमीटर. नेहमीच्या विणीत हा आस शंकरपाळ्यासारखा असतो. ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी यांत्रिक बोट, जाळं ओढतो तेव्हा शेपटाकडच्या पिशवीत मासळी साठते, पाण्याचा दाब येतो आणि पिशवी लांबीत ताणली जाते. सराफाच्या दुकानाचं सरकतं लोखंडी दार डोळ्यांसमोर आणा. दार उघडायला पट्ट्या एका बाजूला सारल्या की मधले शंकरपाळे चिंचोळे होत मिटतात. पट्टी तेवढीच, भोक मात्र नाहीसं. शाळेतलं सूत्र लावा : समभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे बाजूचा वर्ग गुणिले कोनाचा साइन. कोन 90 अंश असेल तर आस 400 चौरस मिलिमीटर उघडा. 30 अंशांवर 200. 20 अंशांवर जेमतेम 137. धक्क्यावर हातात ताणून मोजलेलं, कायद्यात बसणारं जाळं पाण्याखाली एक तृतीयांशच उघडं राहतं आणि पिल्लू बाहेर पडत नाही. खलाशाने काहीही लबाडी केलेली नसते!

तेच जाळं 45 अंशांत फिरवून जोडलं की आस चौकोनी होतो. ओढीच्या दिशेचे धागे ताण घेतात, आडवे धागे त्यांना अलग ठेवतात, भोक उघडं राहतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की चौकोनी आस नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो. धक्क्यावर उभ्या कुणालाही कळतं, मोजपट्टी लागत नाही. रापणीतली ती नजर थोडी परत मिळते.

आमच्याकडे हटकून सांगतात की श्रावण पाळण्यात पूर्वजांनी मत्स्यविज्ञान गुंफलंय. श्रावण श्रद्धेने पाळावा, त्याला विज्ञान म्हणू नये. पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. 2024 मध्ये श्रावण लागला 5 ऑगस्टला, बंदी संपल्यावर.

उरते हद्द. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, राज्याचे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, पण तो नियम महाराष्ट्रापुरता. बांगड्याचा थवा मालवण, काणकोण, कारवार असा कुठेही फिरतो आणि तीन राज्यांच्या कायद्यांतून जातो. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे चटकन उमजावं. केरळच्या अष्टमुडी खाडीत शिंपल्या काढणाऱ्यांनी आसाचा आकार आणि बंदीचे महिने मिळून पाळले, 2014 मध्ये त्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. पण शिंपली जागची हलत नाही. बांगड्यासाठी तिन्ही किनाऱ्यांवरच्या मच्छीमार संस्था एकत्र बसायला हव्यात. ट्रॉलरसाठी चौकोनी आस आणि थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीनसाठी जागा आणि दिवस त्यांनीच ठरवावेत. आणि घाट चढवून बारीक मासा बेळगावला पाठवणारा व्यापारीही त्या बैठकीत असावा, कारण पट्टीएवढ्या बांगड्याचे पैसे त्याला आम्ही देतो.