युनिट टेस्ट (मुक्तस्रोत प्रकल्पांतील)

प्रोग्राममधील फंक्शन, क्लास किंवा मोड्यूल असा एखादा लहान भाग शक्य तितका सुटा करून, तो अपेक्षेप्रमाणे वागतो की नाही हे आपोआप तपासणाऱ्या कोडला युनिट टेस्ट म्हणतात. मुक्तस्रोत, म्हणजे सोर्स कोड सर्वांना खुला असलेल्या, प्रकल्पाला बदल पाठवणाऱ्याने तो पाठवण्यापूर्वी प्रकल्पासोबत येणाऱ्या सगळ्या चाचण्या स्वतःच्या संगणकावर चालवून पाहाव्यात आणि बदलासोबत नवी चाचणीही जोडावी, असा संकेत बहुतेक मोठ्या प्रकल्पांत रूढ आहे. कंपनीतल्या टीममध्ये कोड लिहिणारा ओळखीचा असतो. येथे तो बहुधा परका असतो. ‘माझ्याकडे चालते’ या त्याच्या शब्दापेक्षा चाचणीचा निकाल मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळून बदल स्वीकारणाऱ्याला, जास्त कामाचा असतो.

उगम : भाग सुटे करून तपासण्याची कल्पना मुक्तस्रोत चळवळीच्या बरीच आधीची आहे. अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेवरील १९५६ च्या निबंधात एच. डी. बेनिंग्टन यांनी उपप्रोग्राम आधी वेगवेगळे आणि मग एकत्र तपासण्याचे टप्पे मांडले होते. युनिट टेस्टिंगचे आयईईई मानक (क्रमांक १००८) १९८७ चे आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांत ही प्रथा कोठून आली याविषयी मात्र दोन मते दिसतात.

पहिल्या आणि अधिक प्रचलित मतानुसार तिचे मूळ केंट बेक यांच्या स्मॉलटॉक भाषेतील ‘एसयुनिट’ या चाचण्यांच्या चौकटीत आहे. याचा काळ काही ठिकाणी १९८९ असा दिला जातो. छापील पुरावा मात्र १९९४ च्या लेखाचा असल्याने तेच वर्ष धरणे सुरक्षित. पुढे १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा यांनी झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानात जावासाठी ‘जेयुनिट’ची पहिली आवृत्ती लिहिली, ही हकिकत सर्वत्र सांगितली जाते. तिच्याच वळणावर स्टीव्ह पर्सेल यांनी पायथनसाठी ‘पायुनिट’ रचले. २००१ च्या पायथन २.१ मध्ये ते ‘युनिटटेस्ट’ या नावाने प्रमाण लायब्ररीत आले. टिम पीटर्स यांचे ‘डॉकटेस्ट’ही त्याच आवृत्तीत आले.

दुसरे मत सोर्स कोडच्या वाटपाच्या रूढीकडे बोट दाखवते. लॅरी वॉल यांनी १८ डिसेंबर १९८७ रोजी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेची पहिली आवृत्ती यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर टाकली, तेव्हा तिच्यासोबत ‘टी’ नावाची डिरेक्टरी होती. तिच्यातील प्रत्येक छोटी फाइल प्रथम ‘१..३’ अशा धर्तीवर एकूण किती चाचण्या आहेत ते छापी आणि मग ओळीने ‘ओके १’, ‘ओके २’ किंवा ‘नॉट ओके ३’. या चाचण्या मुख्यतः प्रोग्राम घेणाऱ्यासाठी होत्या : त्या काळी युनिक्सचे इतके प्रकार होते, की आपल्या यंत्रावर पर्ल नीट उभी राहिली का हे ज्याचे त्यालाच पाहावे लागे. हाच साधा मजकूर पुढे ‘टॅप’ (टेस्ट एनिथिंग प्रोटोकॉल) या नावाने नियमबद्ध झाला. पर्लचे ‘सीपॅन’ हे भांडार १९९५ मध्ये सुरू झाल्यावर ‘मेक’, ‘मेक टेस्ट’, ‘मेक इन्स्टॉल’ (बांधा, तपासा, बसवा) हा कमांडांचा क्रम हजारो जणांच्या हाताला बसला. चाचणी फेल झाली तर सीपॅनवरून मोड्यूल उतरवणारा क्लायंट, जबरदस्ती केल्याशिवाय, इन्स्टॉल करत नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतांत हेच काम ‘मेक चेक’ या नावाने आहे, आणि डेबियन या लिनक्स वितरणाची पॅकेज बांधण्याची साधने आजही मूळ प्रकल्पात यांपैकी जे सापडेल ते चालवतात.

चाचणी कशी लिहावी याची शैली पहिल्या परंपरेने दिली, हे मान्य करावेच लागते. पण चाचण्या कोडसोबतच वाटाव्यात, त्या कोणालाही एका कमांडने चालवता याव्यात आणि त्यांचा निकाल परक्यालाही वाचता यावा, या मुक्तस्रोताला खऱ्या अर्थाने लागणाऱ्या गोष्टी दुसऱ्या परंपरेतून आलेल्या दिसतात. दोन फाइलींतील फरक पाठवण्याचे व लावण्याचे ‘पॅच’ हे साधनही लॅरी वॉल यांचेच (१९८५), हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

गिटचे उदाहरण : कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या, एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या गिट प्रकल्पात या दुसऱ्या परंपरेचा ठसा स्पष्ट दिसतो. येथेही चाचण्यांची डिरेक्टरी ‘टी’च आहे आणि निकाल टॅपच्या रूपात येतो. फाइलीचे नाव ‘टी’ आणि चार अंकांनी सुरू होते. पहिला अंक विषय सांगतो. शून्याने सुरू होणाऱ्या फाइली अगदी पायाभूत गोष्टींच्या, चाराच्या डिफच्या (फरक दाखवणे), पाचाच्या पुल व पुश (बदल आणणे व पाठवणे) यांच्या. सगळा संच ‘मेक टेस्ट’ने चालतो, एकच फाइल हवी असेल तर ती शेलमधून थेट चालवता येते. ‘-व्ही’ दिले की तपशील दिसतो, ‘-आय’ दिले की पहिली चाचणी फेल होताच काम थांबते आणि बिघाडाच्या वेळची डिरेक्टरी तपासायला जागेवर राहते.

माहीत असलेला, पण अजून दुरुस्त न झालेला दोषही येथे चाचणीच्या रूपाने लिहून ठेवता येतो. अशी चाचणी ‘टेस्ट एक्स्पेक्ट फेल्युअर’ या शब्दांनी सुरू होते. ती फेल झाली तरी संच पास धरला जातो आणि निकालात ‘माहीत असलेला बिघाड’ अशी नोंद उमटते. दोष दूर करणारा आपल्या पॅचमध्ये ‘फेल्युअर’च्या जागी ‘सक्सेस’ करतो. पॅच वाचणाऱ्याला एका शब्दाच्या त्या बदलावरून कामाचा हेतू कळतो. एखाद्याने नकळत दोष दुरुस्त केला, तर बिघाड नाहीसा झाल्याचे निकालच सांगतो.

काटेकोर व्याख्या लावली तर यांतील जवळजवळ एकही युनिट टेस्ट नाही. शेल स्क्रिप्ट खरी रिपॉझिटरी (कोड व त्याच्या इतिहासाचा साठा) उभारते, गिटची खरी कमांड चालवते आणि बाहेर आलेला मजकूर ताडून पाहते. सी भाषेतील फंक्शने सुटी तपासणारी चौकट गिटमध्ये २०२३-२४ च्या सुमारास आली. तोपर्यंतची अठराएक वर्षे प्रकल्प तिच्याविना चालला. डेटाबेस, नेटवर्क किंवा फाइल सिस्टीमला हात लावणारी चाचणी युनिट टेस्ट नव्हेच, असे एक मत आहे. ते वेगाच्या दृष्टीने ग्राह्य वाटते. मुक्तस्रोत प्रकल्पांतील रोजच्या बोलीत मात्र संचातली कोणतीही छोटी, आपोआप चालणारी चाचणी या नावाखाली खपते.

लिनक्स कर्नेलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) गोष्ट याहून वेगळी. कर्नेलमधील फंक्शन सुटे करून चालवण्याची ‘केयुनिट’ ही चौकट ५.५ या आवृत्तीत (जानेवारी २०२०) आली. ती यूजर मोड लिनक्सवर, म्हणजे साध्या प्रोग्रामसारख्या चालणाऱ्या कर्नेलवर, चालते, त्यामुळे ड्रायव्हरला हात घालणाऱ्या नवख्यालाही वेगळे हार्डवेअर न जोडता पुष्कळशा चाचण्या करता येतात. निकाल येतो तो टॅपच्याच एका पोटप्रकारात.

देवनागरी : अक्षरजुळणीच्या ‘हार्फबझ’ या मुक्तस्रोत लायब्ररीच्या चाचण्यांत भारतीय लिप्यांसाठीही ओळी आहेत. अशा एका ओळीत फाँटची फाइल, युनिकोडचे क्रमांक आणि त्यांतून कोणती चिन्हे कोणत्या क्रमाने उमटावीत हे अर्धविरामांनी तोडून लिहिलेले असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांतला फरक या पद्धतीत नेमका मांडता येतो : पहिल्यात ०९३० या रला हलन्त जोडून रफार होतो, दुसऱ्यात ०९३१ या ऱला हलन्त जोडून मराठीतला आडवा रकार. अशा चाचणीसाठी सी प्लस प्लस येण्यापेक्षा कोणते रूप बरोबर हे ठामपणे सांगता येणे महत्त्वाचे. मराठी जाणणाऱ्याला अशा प्रकल्पात शिरण्याची ही त्यातल्या त्यात सोपी वाट म्हणता येईल.

स्वयंचलित तपासणी : मोझिलाचे ‘टिंडरबॉक्स’ (१९९८ च्या सुमारास) आणि स्वयंसेवकांच्या निरनिराळ्या यंत्रांवर चालणारे पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे ‘बिल्डफार्म’ (२००४) यांनी चाचण्या सतत चालत्या ठेवल्या. २०११ मध्ये आलेल्या ‘ट्रॅव्हिस सीआय’ या सेवेने मुक्तस्रोत प्रकल्पांना ही सोय फुकट दिली, २०१९ नंतर बराचसा ओघ ‘गिटहब ॲक्शन्स’ या तशाच सेवेकडे वळला. फुकटच्या यंत्रांवर क्रिप्टो-चलन खणण्यासाठी खोट्या पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) येऊ लागल्याने २०२१ पासून पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या चाचण्या मेंटेनरच्या मंजुरीशिवाय तेथे सुरू होत नाहीत. नवख्याने त्या आधी स्वतःकडे चालवणे यामुळे अधिकच गरजेचे झाले. बदल करण्यापूर्वीही एकदा संच चालवावा असे सुचवले जाते. नाहीतर आधीपासून फेल होणाऱ्या चाचणीचे खापर आपल्या बदलावर फुटते.

मर्यादा : मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या ‘एक्सझेड’ या फाइली संकुचित करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात (आवृत्ती ५.६.० व ५.६.१) घातक कोड चाचणीचे नमुने म्हणून ठेवलेल्या संकुचित फाइलींत दडवला होता. खराब फाइल प्रोग्राम नाकारतो का हे पाहायला मुद्दाम खराब केलेल्या फाइली ठेवाव्याच लागतात, त्यामुळे त्यांत काय आहे हे कोणी उघडून पाहिले नाही. प्रकाशित टारबॉलमधील (सोर्स कोडच्या गठ्ठ्यातील) बदललेली बिल्ड स्क्रिप्ट तो बाहेर काढून लायब्ररीत मिसळत असे. लॉगिनला लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा जादा वेळ पोस्टग्रेसक्यूएलचे एक डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना खटकला आणि छडा लागला.

‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस प्रकल्प या साऱ्या संकेतांना अपवाद. त्याचा कोड सार्वजनिक मालकीचा असला तरी बाहेरच्यांचे पॅच सहसा घेतले जात नाहीत. २०२३ मधील ३.४२.० या आवृत्तीत चाचणीचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट असल्याचे प्रकल्पानेच नमूद केले आहे; त्यातील ‘टीएच३’ हा महत्त्वाचा संच खासगी मालकीचा आहे.