पाण्यात न बुडालेलं आबनूस

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत वाड्यांचं उतरवलेलं लाकूडसामान विकणारं एक दुकान आहे. तिथं एक काळाकुळकुळीत चौरंग दिसला. पायांवर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या, वर चारी कोपऱ्यांत एकेक बोंड. "आबनूस आहे साहेब, असली. जहागीरदाराच्या घरचा," दुकानदार म्हणाले. असा एखादा जहागीरदार प्रत्येक दुकानात असतोच, त्याची चौकशी करण्यात अर्थ नसतो. लाकडाची मात्र करता येते. आबनूस म्हणजे एबनी, काळंभोर, महागडं आणि पाण्याइतकं जड लाकूड.

एक बोंड सैल होऊन हातात आलं होतं. शेजारच्या टपरीवरून पाण्याचा ग्लास मागवला आणि ते टाकू का, असं विचारलं. दुकानदारांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. "टाका की, लाकूडच आहे."

बोंड तरंगलं. चार हिस्से पाण्यात, एक हिस्सा वर.

सगळ्या लाकडांचा मूळ मसाला एकच असतो. पेशीची भिंत पाण्याच्या साधारण दीडपट जड असते, मग ते शेवग्याचं असो की शिसवीचं. तरीही ओंडका तरंगतो, तो पेशींच्या पोटातल्या हवेमुळे. पोकळी जितकी कमी तितकं लाकूड जड. वखारीच्या भाषेत सांगायचं तर एक घनफूट पाण्याचं वजन 28 किलो भरतं. वाळलेला साग त्याच मापात 18 किलोंच्या आसपास, शिसव 24 च्या आसपास. श्रीलंकेचं आणि दक्षिण भारताचं चांगलं आबनूस पाण्याला गाठतं किंवा मागे टाकतं. त्यातून हा हिशेबही निघतो, की वस्तूचा जेवढा हिस्सा पाण्याखाली तेवढी ती पाण्याच्या तुलनेत जड. चार पंचमांश, म्हणजे 0.8. आबनुसासाठी हे फारच हलकं झालं.

मग चौरंग उलटा केला. पायाच्या तळाला, जिथं पॉलिश पोचलं नव्हतं, तिथं ब्लेडने नखाएवढी जागा साफ केली आणि भिंग लावलं. काळा रंग कडेला जेमतेम कागदाच्या जाडीइतकाच होता, आत तांबूस तपकिरी. लाकडाचा आडवा छेद म्हणजे त्याचा सातबारा. सागात दर वर्षीच्या वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीनं बसतात आणि ती नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. शिसवीत जांभळट रेघा असतात आणि ताजा काप गोडसर वासाचा. इथं छिद्रं सगळीकडे विखुरलेली आणि प्रत्येकीभोवती फिकट कडं. वजन, रंग, छिद्रं, तिन्हींची साक्ष एकच पडली. बाभूळ. औताची, बैलगाडीची, बांधावरची आपली बाभूळ!

ती काळी झाली कशी, यातली युक्ती शाईची आहे. बाभळीच्या सालीत आणि शेंगांत टॅनिन भरपूर असतं. म्हणूनच कातडी कमावायला ती साल वापरत आले. टॅनिनला लोखंडाचे क्षार भेटले आणि हवा लागली की निळसर काळा पदार्थ तयार होतो. जुन्या काळी हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार, घालून शाई करत, त्यातलं रसायनही हेच. जुन्या दारात लोखंडी खिळ्याभोवती जो काळा डाग पसरलेला दिसतो तोही याच भानगडीतला. वरून लावलेला रंग खरवडला की निघतो. हा काळेपणा मात्र तंतूंमध्येच तयार होतो, लाकडाच्या रेघा झाकत नाही आणि पॉलिशखाली खराच वाटतो.

असली नक्कल करण्यात आपण एकटे नव्हतो. युरोपात आबनूस बाहेरून यायचं आणि महाग पडायचं, म्हणून तिथले कारागीर नाशपातीचं लाकूड काळं करून वापरत. फ्रेंचमध्ये उंची लाकूडसामान घडवणाऱ्याला आजही 'एबेनिस्त', म्हणजे आबनूसवाला, म्हणतात. तो शब्द आणि आपला आबनूस एकाच मुळाचे, प्राचीन इजिप्तच्या भाषेतले. तिथून ग्रीकमार्गे एक फाटा फ्रान्सला गेला, दुसरा फारसीतून आपल्या दुकानदारांपर्यंत आला.

एका वस्तूला दुसरीचं रूप द्यायची हौस मराठवाड्यात तर पार जुनी. वेरूळचं दहावं लेणं सातव्या शतकाच्या आसपासचं. त्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात, कारण छताला लाकडी कमानीसारख्या फासळ्या आहेत, आणि त्या अखंड दगडातून काढलेल्या आहेत. छत पेलायला त्यांची काडीची गरज नाही. अजिंठ्याच्या नवव्या लेण्यात खऱ्या लाकडी फासळ्या होत्या. त्या गेल्या, खाचा राहिल्या. तिकडे कार्ल्याच्या चैत्यगृहात मात्र सागाच्या फासळ्या सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत. सागाच्या गाभ्यातली टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं वाळवीला मानवत नाहीत. सालीजवळच्या पांढरट लाकडात ती नसल्यासारखीच असतात, त्यामुळे जुन्या चौकटीची एकच कड पोखरलेली आणि बाकीचं नक्षीकाम शाबूत, असं दृश्य वाड्यांत हमखास दिसतं.

दुकानदारांना बाभळीचं सांगितलं. त्यांनी बोंड शर्टाला पुसून जागेवर बसवलं आणि म्हणाले, "बाभळीवर एवढी बारीक नक्षी? हात दुखले असतील बिचाऱ्याचे." हे त्यांचं बरोबर होतं. बाभूळ चिवट, कोरायला त्रासाची. ज्यानं त्या पाकळ्या काढल्या त्याच्या पटाशीला किती वेळा धार लावावी लागली असेल, याचा विचार आबनुसापेक्षा मला जास्त वेळ पुरला.

घरी येऊन प्रयोग केला. गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवले. बाभळीची साल उकळून तो काढा सरपणातल्या एका ढलपीवर फासला, वाळू दिला, मग खिळ्यांचं पाणी लावलं. आधी मळकट राखाडी. चहा होईस्तोवर जांभळट. संध्याकाळी ढलपी काळी ठिक्कर पडली होती. हातमोजे घालायचं सुचलं नाही, त्यामुळे अंगठा आणि तर्जनीही.

परवा पेपरवाल्यानं विचारलं, "काय काका, यंदा दोनदा मतदान केलं काय?"